दवाखान्यात हात कोणी धुवायचे?



इंदूरहून उज्जैनकडे जाणारा सांवेर रोड आपल्या ओळखीचा होतो तो दोन निमित्तांनी. सोयाबीन, गहू किंवा बटाटा मंडीत न्यायचा असेल तेव्हा, नाहीतर घरातील कोणी आजारी पडले असेल तेव्हा. या रस्त्याला कारखान्यांची वसाहत आहे, त्यात औषधे तयार करणारे कारखानेही आहेत, आणि पुढे अरबिंदो वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. २०२० साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत कितीतरी कुटुंबे याच रुग्णालयाच्या दाराशी देवाची करुणा भाकत उभी होती. तेव्हा आपण सगळेच दिवसातून दहा वेळा हात धूत होतो. साबणाची वडी दारात, ओट्यावर, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे दिसत असे. आज ती कोठे आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

खेड्यातून रुग्ण निघाला म्हणजे तो एकटा निघत नाही. जीपमधून एक आजारी माणूस उतरतो आणि त्याच्यामागून सात-आठ धडधाकट माणसे उतरतात. बरोबर चादरी, पाण्याची कॅन, भाकरीचे गाठोडे, लोणच्याची बरणी, फरसाणाच्या पिशव्या. यात प्रेम आहे, आणि ते आम्ही कमी लेखीत नाही. ज्या खाटेजवळ कोणीच बसलेले नाही असा रुग्ण आम्ही पाहिला आहे. त्याच्यासारखे दैन्य दुसरे नाही. परंतु या सात-आठ माणसांविषयी आणि दवाखान्यातील नळ, साबण, फडके यांच्याविषयी आज जरा स्पष्ट लिहावयाचे आहे.

माणूस एका दुखण्यासाठी भरती होतो आणि दुसरेच दुखणे तेथून घेऊन येतो, असे किती वेळा घडते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. श्रीमंत देशांतील रुग्णालयांत भरती झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, आणि आपल्यासारख्या गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना उपचार चालू असताना तेथलाच एखादा जंतुसंसर्ग होतो. ज्यांना तो होतो त्यांच्यापैकी सरासरी दहात एक जण दगावतो. म्हणजे शंभर खाटांच्या दवाखान्यात पंधरा जण असे, की ज्यांचे हे दुसरे दुखणे बव्हंशी टाळता आले असते.

इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला सगळे ‘एमवाय’ म्हणतात, ते गरिबांचे रुग्णालय आहे. धार, झाबुआ, खरगोन, देवासकडची माणसे तेथे येतात. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस तेथील नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात दोन बालकांना उंदरांनी चावे घेतले. कॅमेऱ्यात ते दिसले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बालके गेली. मग काय झाले ते सर्वांनी वाचले आहे. परिचारिका निलंबित झाल्या, कीडनियंत्रणाचे कंत्राट असलेल्या कंपनीला दंड झाला, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. रुग्णालयाने सांगितले की मृत्यू चाव्यांमुळे झाले नाहीत. मुलांना जन्मजात व्यंगे होती आणि रक्तात जंतुसंसर्ग झाला होता.

वैद्यकीय वाद आम्हांला सोडविता येणार नाही. पण ज्या खोलीत उंदीर पाळण्यावर चढू शकतो, त्या खोलीत जंतू कोठून आला असेल असे विचारण्याचा अधिकार आईबापांना आहे. ‘चाव्याने नव्हे, जंतुसंसर्गाने’ हे वाक्य समाधान म्हणून सांगितले गेले, आणि आमच्या मते ती सर्वांत मोठी काळजीची गोष्ट आहे. उंदीर निदान दिसतो. त्याला पाहून माणूस ओरडतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. जंतूचे छायाचित्र कोणी छापीत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, ‘एमवाय’ची ही पहिली गोष्ट नव्हे. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेला प्लेगची साथ आली. भीतीने सगळा मुलूख हादरला. त्या सुमारास ‘एमवाय’ची अवस्था अशी होती, की उंदरांनी जणू रुग्णालयावर ताबाच घेतला होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी धाडसी निर्णय घेतला. रुग्ण दुसरीकडे हलविले, अख्खे रुग्णालय रिकामे केले, वर्षानुवर्षांचा कचरा व मोडके सामान बाहेर काढले, उंदीर मारले, भिंती दुरुस्त केल्या आणि मगच रुग्ण परत आणले. या कामात शहरातील लोक सामील झाले. त्यातूनच रोगी कल्याण समितीची कल्पना उभी राहिली. ज्याला परवडते त्याने थोडे शुल्क द्यावे, गरिबाला माफी असावी, आणि जमलेला पैसा सरकारी खजिन्यात न जाता त्याच रुग्णालयाच्या देखभालीला लागावा. त्यावर देखरेख करणाऱ्या समितीत अधिकाऱ्यांबरोबर नागरिकही असावेत. इंदुरात जन्मलेली ही कल्पना मध्य प्रदेशभर गेली आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर देशभर पसरली. महाराष्ट्रात तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात. आज अगदी प्राथमिक आरोग्य केंद्रालाही अशी समिती असते.

तरीही एकतीस वर्षांनी उंदीर परत आले, तेही २०१७ पासून वर्षामागून वर्ष देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविणाऱ्या इंदुरात. शहराने ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायला शिकविले. रोज सकाळी गाडी दारात येते, म्हणून रस्ते स्वच्छ राहतात. वर्षातून एकदा मोठी झाडलोट काढून ते झाले नसते. रुग्णालयात मात्र आपण अजून झाडलोटीच्या सणावरच भिस्त ठेवून आहोत. मंत्री यायचे असले की फिनाइलचा वास येतो. घटना घडली की पिंजरे लागतात. १९९४ चे काम मोठे होते, याबद्दल शंका नाही. पण उंदराला नवे बीळ करायला दहा दिवस पुरतात, आणि जंतूला तर एक दुपार पुष्कळ झाली.

जंतू कसा फिरतो हे शेतकऱ्याला आम्ही सांगायला हवे असे नाही. तुमच्या गोठ्यात चार म्हशी आहेत आणि एकीला दगडी झाली आहे, म्हणजे कासदाह. धार काढणारा तिच्यापासून सुरुवात करील काय? शहाणा माणूस तिला शेवटी ठेवतो. प्रत्येक जनावराची कास धुतो. एकाच फडक्याने चारही कासा पुसल्या तर आठवड्यात चारही म्हशी आजारी पडतील, हे त्याला ठाऊक असते, कारण हा रोग मुख्यतः धार काढणाऱ्याच्या हातातून आणि फडक्यातून फिरतो. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून जनावर लगेच शेणात बसू नये यासाठी तो पुढ्यात वैरण टाकतो. हे सारे करणारा आपला माणूस दवाखान्यात गेला म्हणजे एका खाटेवरच्या काकांचे पाय चेपून त्याच हाताने शेजारच्या खाटेवरील बाळाचा गाल कुरवाळतो. गोठ्यातले शहाणपण तो दाराबाहेर ठेवून येतो.

सलाइनची सुई, लघवीची नळी, शस्त्रक्रियेचे टाके ही त्या उघड्या सडासारखीच दारे आहेत. कातडी शाबूत असेपर्यंत ती भिंतीसारखे काम करते. भिंतीला भोक पडले की हातावरचा साधा जंतूही आत जातो. म्हणून सुई टोचण्यापूर्वी, नळीला हात लावण्यापूर्वी, जखम बांधण्यापूर्वी आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात स्वच्छ हवेत. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, अथवा हात मळलेले नसतील तर स्पिरिटच्या द्रावाने वीस ते तीस सेकंद. हातमोजे घातले म्हणजे झाले, हा गैरसमज तर डॉक्टरांतही आढळतो. एकच मोजा घालून पाच खाटा फिरणारा मनुष्य स्वतःला जपतो आणि पाचही जणांना एकमेकांचे जंतू वाटतो.

ही गोष्ट डॉक्टरांना सांगणे कधीच सोपे नव्हते. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने पाहिले, की सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टर व विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतिणी फार मरतात. हे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येत. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने, म्हणजे आपल्या ब्लिचिंग पावडरीच्याच जातीच्या द्रावाने, हात धुण्याची सक्ती केली. त्या एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये दोनच मेल्या. इतके होऊनही बड्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. ‘आमचे हात घाणेरडे?’ हा प्रश्न त्यांच्या मानाला लागला. सेमेलवाइसचा अंत १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात झाला. मान दुखावण्याचा हा रोग अजून गेलेला नाही. आपल्या बाजूला तर उलटे दुखणे आहे. डॉक्टरसाहेबांना कसे विचारावे, सिस्टर रागावल्या तर, असे म्हणून आपण गप्प बसतो. बैल विकत घेताना त्याचे दात तपासणारा माणूस पोटच्या लेकराला सुई टोचताना एक शब्द बोलत नाही.

आम्हांला असे वाटते की विचारावे. नम्रपणे, हात जोडून, पण विचारावे. “ताई, हात धुतले ना?” एवढे म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. मन लावून काम करणाऱ्या परिचारिकेला आम्ही पुष्कळदा विचारले आहे, आणि बहुतेकींनी हसून ‘धुते, फादर’ म्हटले आहे. ज्या वॉर्डात नळालाच पाणी नाही तेथे त्या बिचारीने काय करावे, हा निराळा प्रश्न. त्याकडे पुढे येऊ.

काही गोष्टी मात्र नातेवाइकाच्या नजरेच्या पलीकडच्या असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये इंदूर आय हॉस्पिटलमध्ये शासनाच्या अंधत्वनिवारण कार्यक्रमाखाली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. निदान अकरा जणांच्या त्या डोळ्याची दृष्टी जंतुसंसर्गाने गेली. त्यांत धार आणि इंदूर जिल्ह्यांतील साधी माणसे होती. चेन्नईहून तज्ज्ञ बोलाविले गेले, शस्त्रक्रियागृहाला टाळे लागले, चौकशी झाली. राज्याचे त्या वेळचे आरोग्यमंत्री आपल्या सांवेरचेच आमदार होते, तेव्हा ही बातमी या रस्त्यावर अधिकच बोलली गेली. याच रुग्णालयात २०१० सालीही मोतीबिंदूनंतर रुग्णांची दृष्टी गेली होती. शस्त्रक्रियागृहात हत्यारे कशी उकळली, कोणते द्राव वापरले, हे बाहेर बाकड्यावर बसलेल्या मुलाला कसे कळणार? तेथे तपासणारी यंत्रणा हवी, आणि तिचा अहवाल भिंतीवर लागावा. फुकट शस्त्रक्रिया आहे म्हणून प्रश्न विचारू नयेत, हा विचार आम्हांला मान्य नाही. गरिबाला डोळे दोनच असतात.

आता आपल्याकडे वळू या. ‘एमवाय’च्या घटनेनंतर असेही सांगण्यात आले की नातेवाईक वॉर्डात अन्न आणतात आणि त्यामागे उंदीर येतात. यामुळे व्यवस्थेची जबाबदारी एक तसूभरही कमी होत नाही. दूर गावचा माणूस खाणार कोठे, याची सोय रुग्णालयानेच करायला हवी. पण सांगितले ते खोटेही नाही. खाटेखाली उष्टी पत्रावळ, पिशवीत अर्धी भाकरी, खिडकीत केळ्याची साल ठेवून आपण उंदराला निमंत्रण देतो. कणगीभोवती सांडलेले धान्य रोज गोळा करणाऱ्या घरातील बाई दवाखान्यात तो नियम का पाळीत नाही? खाणे वॉर्डाबाहेर करावे. उरलेले झाकणाच्या डब्यात ठेवावे, खरकटे त्याच वेळी टाकावे. रुग्णाजवळ एका वेळी एकच माणूस बसावा. खाटेवर बसू नये, दुसऱ्या रुग्णाला हात लावू नये, सलाइनची चकती आपण फिरवू नये. सर्दी-खोकला असलेल्याने प्रेमापोटी घरीच थांबावे. बाळंतिणीकडे जाताना तर दुप्पट काळजी हवी. बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, तेथे त्याला ऊब आणि चांगले जंतूही मिळतात. पण सगळ्या गोतावळ्याने मुके घेऊ नयेत, आणि नाळेवर तेल, राख, हळद काहीएक लावू नये. नाळ कोरडी राहिली पाहिजे.

हे आम्हां धर्मगुरूंनाही लागू आहे. रुग्णाभ्यंगाचा संस्कार देताना अंगठा कपाळाला आणि हातांना लागतो. एका वॉर्डात तीन-चार जणांना तो द्यावयाचा असला तर प्रत्येकामागे हात स्वच्छ केलाच पाहिजे. यात संस्काराचा काही अनादर होत नाही. पिलाताने हात धुतले ते जबाबदारी अंगावरून झटकण्यासाठी. येथे हात धुवायचे ते जबाबदारी घेतली म्हणून.

औषधांविषयी एक शब्द. रुग्णालयातील जंतू दिवसेंदिवस कणखर होत आहेत, साध्या प्रतिजैविकांना जुमानीत नाहीत, आणि त्याला आपली शेतीही काही प्रमाणात कारण आहे. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळली जात. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या घटकेला राखून ठेवलेले औषध. ते अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. दुकानदार दुसऱ्या नावाने पुडी देत असेल तर तिच्यावरील घटक वाचून घ्यावेत, आणि घरातल्या माणसाला तापासाठी उरलेल्या गोळ्या देण्याची सवय सोडावी.

राहिला प्रश्न तो साफ करणाऱ्यांचा. ज्या बाईच्या हातात वॉर्डाचे पोचे आहे तिला कोणी काही शिकविलेले नसते. शौचालयाचे पोचे तेच वॉर्डात फिरते, एकाच बादलीतले काळे पाणी वीस खाटांखाली जाते. फरशी चकचकीत दिसते, पण रुग्णाचा हात ज्याला लागतो तो खाटेचा कठडा, सलाइनचा खांब, दाराची कडी, नळाची चावी कोणी पुसत नाही. त्यातून ती कंत्राटदाराकडे रोजंदारीवर असते आणि पगार महिनोन्महिने अडकलेला असतो. काही बिघडले की पहिली नोकरी तिची जाते. आमच्या मते तिला रुग्णालयाच्या पटावर घ्यावे, संसर्ग कसा होतो हे शिकवावे, हातमोजे व बूट द्यावेत, आणि वॉर्डातील बैठकीत डॉक्टरांच्या शेजारी बसवावे. तिने ‘या वॉर्डात पाणी येत नाही’ असे म्हटले तर ते वहीत लिहिले गेले पाहिजे. आपल्या घरातल्या मुलींपैकी कितीतरी परिचारिका झाल्या, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पोचे मारणाऱ्या बाईविषयी तसा आदर अजून आपल्या मनात आलेला नाही, हे कबूल करायला हवे.

हे होईल कसे? येथे ती रोगी कल्याण समिती आठवावी. इंदुरात ती लोकांच्या सहभागातून उभी राहिली. आज पुष्कळ ठिकाणी तिची बैठक कागदावर होते, सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. आपल्या धर्मग्रामात सरपंच आहेत, पंच आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. सोसायटीच्या खताच्या गोणीसाठी जेवढा आवाज आपण करतो तेवढा या समितीच्या बैठकीसाठी कधी केला आहे? केंद्र सरकारने २०१५ साली ‘कायाकल्प’ नावाची योजना सुरू केली. तीत सरकारी दवाखान्यांना स्वच्छतेचे आणि संसर्ग रोखण्याचे गुण दिले जातात व चांगल्या दवाखान्यांना बक्षीस मिळते. आपल्या दवाखान्याला किती गुण पडले, कोणत्या रकान्यात कमी पडले, हे विचारले तर सांगावे लागते.

बैठकीला जाताना मोठी भाषणे तयार करू नयेत. प्रश्न साधे असावेत. बाळंतपणाच्या खोलीतील नळाला मे महिन्यात दुपारी तीन वाजता पाणी येते काय? नळाशेजारी साबण आहे काय, आणि तो संपल्यावर कोण आणतो, त्याचे नाव काय? हत्यारे निर्जंतुक करण्याचे यंत्र चालू आहे काय, आणि वीज गेल्यावर काय करता? वॉर्डाचे पोचे आणि शौचालयाचे पोचे वेगळ्या रंगाच्या काठीचे आहे काय? सुया कापून पांढऱ्या डब्यात जातात की खिडकीबाहेर? गेल्या महिन्यात टाके पिकलेले रुग्ण किती, आणि ही नोंद कोण ठेवते?

सांवेरच्या सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करावी असे आम्ही सुचवितो. तो जवळ आहे, आणि आपल्या बाळंतिणी तेथे जातात. पुढच्या बैठकीची तारीख वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे विचारून या पानावर देऊ. ज्यांना बरोबर यावयाचे आहे त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर नाव सांगावे. स्त्रिया आल्या तर अधिक बरे, कारण बाळंतपणाची खोली आतून त्यांनीच पाहिलेली असते.